पाटीमागचा माणूस

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपत आली, की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि रात्री नाटक असा तिचा थाट असतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर राजवाडा, घनदाट अरण्य, शहरातील रस्ता अशी दृश्ये रंगवलेले पडदे टांगण्याची प्रथा जुनी आहे. बाजारातही चित्रांची वाण नसते. बिडीच्या कट्ट्यावर रंगीत कागदाचा छाप असतो. तांदळाच्या पोत्यावर धानाची लोंबी उमटवलेली असते. आगपेटीवर वाघ किंवा मोर असतो. तसबिरींच्या दुकानात लक्ष्मी, शंकर व बाळकृष्ण एका ओळीत उभे असतात. ही चित्रे कोणी काढली, असे कोणी विचारत नाही. कट्टा संपला, की छाप धुळीत जातो. मोठी माणसे त्याकडे पाहत नाहीत. मुले मात्र तो उचलून वहीच्या पानांत जपून ठेवतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील काही चित्रकार या टाकाऊ चित्रांकडे वळले. तोपर्यंत उच्च कला आणि बाजारातील चित्र यांच्यामध्ये एक भिंत उभी होती. १९५६ साली लंडनमधील एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टन यांनी अमेरिकन मासिकांतील जाहिरातींची कात्रणे चिकटवून एक लहानसे चित्र तयार केले आणि त्या भिंतीला भगदाड पाडले. पुढे या प्रकारास 'पॉप आर्ट' हे नाव रूढ झाले. 'पॉप' हा 'लोकप्रिय' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा संक्षेप होय. न्यूयॉर्कच्या अँडी वॉरहॉल यांनी १९६२ साली डबाबंद सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, तेव्हा पुष्कळांना ती थट्टाच वाटली.

वॉरहॉल यांचे बालपण ध्यानात घेतले, तर ती थट्टा वाटणार नाही. ते १९२८ साली पिट्सबर्ग या पोलादाच्या नगरीत एका गरीब स्थलांतरित कुटुंबात जन्मले. आठव्या वर्षाच्या सुमारास हातपाय अनावर हलू लागण्याचा एक विकार त्यांना जडला आणि बराच काळ अंथरुणात काढावा लागला. आई चित्रे रंगवावयास देई. उशाशी सिनेमानटांची छायाचित्रे असत. एकट्या, आजारी मुलास सोबत झाली ती अशा छापील चित्रांची. पुढे त्यांनी जगभर कीर्ती मिळवली, तरी स्वतःविषयी मोकळेपणाने बोलण्याचे ते शेवटपर्यंत टाळीत राहिले. त्यांच्या चित्रांत डबे आहेत, बाटल्या आहेत, प्रसिद्ध चेहरे आहेत. त्यांमागचा माणूस मात्र सहसा हाती लागत नाही.

हा माणूस शोधण्याचे काम मुंबईत जन्मलेल्या एका हिशेबनिसाने केले. त्यांचे नाव भूपेन खख्खर.

भूपेन खख्खर यांचा जन्म १० मार्च १९३४ रोजी मुंबईत झाला. खेतवाडीत त्यांचे बालपण गेले. कुटुंब गुजराती, परंतु गिरगावच्या शेजारामुळे म्हणा, मुंबईच्या रिवाजामुळे म्हणा, घरात गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीही बोलली जाई. चार भावंडांत भूपेन सर्वांत धाकटे. ते अवघे चार वर्षांचे असताना वडील निवर्तले. आईच्या साऱ्या आशा या शेंडेफळावर खिळल्या. मुलाने शिकावे, प्रतिष्ठेची नोकरी धरावी आणि घर सावरावे, एवढीच तिची अपेक्षा होती, आणि ती रास्तही होती. विद्यापीठाची पायरी चढणारे भूपेन हे त्या घरातील पहिलेच. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते पदवीधर झाले. घरच्यांच्या आग्रहास्तव त्यांनी वाणिज्य शाखेचीही पदवी घेतली आणि सनदी लेखापालाची अवघड परीक्षा उत्तीर्ण होऊन ते जमाखर्चाच्या वह्यांत बुडून गेले.

वरवर पाहता येथे गोष्ट सुफळ संपूर्ण व्हावयास हवी होती. परंतु या आज्ञाधारक मुलाच्या मनात चित्रांचे वेड घर करून होते. कचेरीचे काम आटोपल्यावर ते चित्रे काढीत, पुराणकथा व साहित्य वाचीत. १९५८ साली गुलाममोहम्मद शेख या तरुण कवी-चित्रकाराशी त्यांची भेट झाली. बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलांची नवी विद्याशाखा निघाली होती. शेख यांनी त्यांना तिकडे येण्याचा आग्रह केला. १९६२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भूपेन मुंबई सोडून बडोद्यास गेले. एवढ्या वयात पाटीपेन्सिल हाती धरावयाची, तीही हातची कमाई सोडून, हा निर्णय घेताना घरात काय वादळ उठले असेल, त्याची कल्पना करता येते. बडोद्यास त्यांनी शिक्षण घेतले ते कलासमीक्षेचे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे लाभलेच नाही. आणि पोटासाठी एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहिण्याचे काम त्यांनी पुढे पुष्कळ वर्षे चालू ठेवले.

या उणिवेचाच त्यांस लाभ झाला. कलाशाळेत शिकलेला विद्यार्थी प्रमाणबद्ध देह, छायाप्रकाश, दूरत्वाचे नियम यांत तरबेज होतो. पण त्याबरोबर त्याच्या दृष्टीस एक शिष्ट वळणही लागते. भूपेन यांच्या दृष्टीस ते लागले नव्हते. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करता करता चित्रे काढणारे आंरी रूसो हे त्यांचे आवडते चित्रकार होते. त्यांच्या चित्रांप्रमाणे भूपेन यांचीही माणसे जरा ताठर, फोटो काढून घ्यावयास बसल्यासारखी दिसतात. एखाद्या चिकित्सकाने त्यांतील हाताचा किंवा मानेचा दोष दाखवला, तर तो खोटा ठरणार नाही. तथापि त्या अवघडलेपणातच त्यांचा जिवंतपणा आहे.

प्रारंभी ते बाजारातील देवांच्या चित्रांकडे वळले. आपल्या देशात या चित्रांचा इतिहास मोठा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीस हलवला. त्या आणि तशाच इतर छापखान्यांमुळे ज्याला देवळात जाण्याची मुभा नव्हती, त्याच्याही भिंतीवर देवाची तसबीर आली. अमेरिकेतील मुलांच्या डोळ्यांपुढे सुपाचे डबे होते. येथील मुलांच्या डोळ्यांपुढे दिनदर्शिकेवरील देव होते. भूपेन यांनी अशी चित्रे कापून फलकावर चिकटवली, त्यांवर रंगाचे फटकारे ओढले आणि १९६५ साली मुंबईत प्रदर्शन मांडले. त्या वेळी भारतात असे काही करणे हे धाडसच होते. बाजारू म्हणून हिणवली गेलेली चित्रे प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात आणून ठेवल्यासारखेच ते होते.

परंतु चित्रांची कात्रणे चिकटवून त्यांचे समाधान झाले नाही. ज्या गल्लीत ही चित्रे लटकतात, त्या गल्लीतील माणसांकडे त्यांची नजर गेली आणि १९७२ च्या सुमारास एक अपूर्व चित्रमालिका जन्मास आली. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी, दुय्यम हिशेबनीस, असे तिचे नायक आहेत. 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स' ही त्यांतील काही चित्रांची नावे. ती दुकानाच्या पाट्यांवरूनच उचललेली आहेत. भारतीय चित्रकलेत तोपर्यंत राजे होते, देव होते, शेतकरी होते, पाणवठ्यावरील स्त्रिया होत्या. घड्याळजी नव्हता. तो खेड्यातला नव्हे आणि धनिकही नव्हे. त्याच्यात काव्य असेल, असे कोणास वाटलेच नव्हते.

ही चित्रे पाहताना प्रथम पाटी दिसते, ठळक आणि सपाट रंग दिसतात, पेंटरने हौसेने रंगवावे तसे दुकान दिसते. त्यानंतर दिसतो माणूस. तो कोणाशी बोलत नाही. तो दुःखी आहे असे म्हणावे, तर डोळ्यांत अश्रू नाहीत. सुखी म्हणावे, तर ओठांवर हसू नाही. दिवसभर गिऱ्हाइकांत वावरणारा हा गृहस्थ मनातून अगदी एकटा आहे, एवढेच जाणवत राहते. ज्या घड्याळजीच्या हातून गावाच्या घड्याळांची वेळ बरोबर होते, त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील कोणती वेळ चुकली, हे त्यास कोणी विचारले असेल काय? चित्रकारानेही ते विचारलेले नाही. तो फक्त त्याच्यासमोर पुरेसा वेळ थांबला आहे. वॉरहॉल यांचा डबा आणि खख्खर यांचे दुकान यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

याच काळातील दुसरे एक चित्र अधिक सखोल आहे. त्यात प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला एक मनुष्य मध्यभागी समोर पाहत उभा आहे आणि त्याच्याभोवती नित्य जीवनातील लहान लहान प्रसंग रंगवलेले आहेत. ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. तसबिरींत मध्ये देव आणि सभोवार त्याच्या लीला असतात, तशीच ती आहे. देवाच्या जागी येथे एक साधा मध्यमवयीन मनुष्य आला आहे. खऱ्या फुलांस सुगंध असतो आणि ती संध्याकाळी कोमेजतात; प्लॅस्टिकची फुले कोमेजत नाहीत व दरवळतही नाहीत. हा मनुष्य ती कोणास देणार आहे, ते कळत नाही. मनात काहीतरी आहे आणि ते सांगता येत नाही, अशा माणसाचे हे चित्र आहे.

असे काही स्वतः भूपेन यांच्याही मनात होते. त्यांचे प्रेम स्त्रीवर नव्हे, तर पुरुषावर जडणारे होते. निसर्गतःच काही माणसांची घडण अशी असते, ही गोष्ट आज विज्ञान आणि कायदा या दोहोंनी मान्य केली आहे. परंतु भूपेन यांच्या बालपणी व तारुण्यात ती उच्चारणेही अशक्य होते. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमान्वये अशा संबंधांस शिक्षा होती, आणि कायद्यापेक्षाही समाजाच्या उपहासाचे भय मोठे होते. आईने ज्याच्यावर आशा ठेवली तो धाकटा मुलगा, परीक्षा उत्तीर्ण होणारा हुशार विद्यार्थी, कचेरीतील चोख हिशेबनीस, या साऱ्या पाट्या त्यांनी वर्षानुवर्षे वागवल्या. पाटीमागे कोण आहे, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. शिंप्याच्या व घड्याळजीच्या डोळ्यांतील मौन त्यांना इतके अचूक कसे ओळखता आले, याचे उत्तर येथे मिळते.

१९७९ साली ते इंग्लंडला गेले. तेथील चित्रकार हॉवर्ड हॉजकिन हे त्यांचे स्नेही. त्या देशात अशी माणसे उघडपणे वावरताना त्यांनी पाहिली. तो प्रवास त्यांच्या मनास धीर देणारा ठरला. परतल्यावर १९८१ साली त्यांनी जे चित्र रंगवले, ते त्यांच्या सर्व कार्यात श्रेष्ठ मानले जाते. आणि नवल असे, की त्याचा विषय बालपणी ऐकलेली एक गोष्ट हा आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रातील मुलांनाही परिचित आहे. बाप आणि मुलगा गाढव घेऊन बाजारास निघतात. दोघेही पायी चाललेले पाहून लोक हसतात, म्हणून मुलगा गाढवावर बसतो; तर लोक म्हणतात, म्हाताऱ्यास चालवतो! बाप बसतो, तर लोक म्हणतात, पोराचे हाल करतो! दोघे बसतात, तेव्हा मुक्या जनावराची दया सुचते. शेवटी गाढवास काठीला बांधून खांद्यावर घेण्याची पाळी येते आणि जनावर हातचे जाते.

भूपेन यांचा हा फलक सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे. त्यात ही गोष्ट एका गावाच्या पार्श्वभूमीवर रंगवली आहे. बाप, मुलगा व गाढव एकाच चित्रात निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडील जुन्या भित्तिचित्रांत व पटचित्रांत कथा सांगण्याची हीच रीत होती. गावात इतरही कामे चालू आहेत. आणि चित्राच्या एका बाजूस, सज्जावर, एक मनुष्य पाठमोरा उभा राहून हे सारे पाहत आहे. त्याच्या अंगावर वस्त्र नाही. हा मनुष्य म्हणजे स्वतः चित्रकार होय. चित्राचे नाव 'यू कान्ट प्लीज ऑल', म्हणजे सर्वांस खूश करता येत नाही.

या उघड्या देहाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. त्यात उच्छृंखलपणा शोधणारे त्या वेळीही होते. वस्तुतः आयुष्यभर लोकांच्या मतासाठी एकावर एक पांघरुणे घेतलेला मनुष्य ती सर्व उतरवून ठेवतो, असा तो क्षण आहे. तो गर्जना करीत नाही, कोणास दूषण देत नाही. सज्जाच्या कठड्याशी उभा राहून लहानपणीची गोष्ट पुन्हा पाहतो आणि ती आपलीच होती, हे ओळखतो. बापलेकांना लोकांच्या बोलण्यामुळे आपले गाढव गमवावे लागले. आपण काय गमावले, याचा हिशेब हा हिशेबनीस तेथे उभा राहून मांडीत असावा.

पुढील काळात त्यांची चित्रे अधिक निर्भय झाली. १९८७ साली त्यांनी 'ययाति' रंगवले. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही महाभारतातील कथा मराठी वाचकांस सुपरिचित आहे. म्हातारपणाला भिऊन पुत्राचे तारुण्य मागून घेणारा राजा दोघांनाही मोहवून गेला, हे विशेष. भूपेन यांनी गुजरातीत कथा लिहिल्या, एक नाटकही लिहिले. त्यांच्या लेखनात विनोद भरपूर आहे. स्वतःच्या फजितीवर मनमुराद हसणारा हा मनुष्य होता, असे त्यांचे मित्र सांगत. १९८४ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले. अखेरच्या वर्षांत कर्करोगाने त्यांना गाठले, तेव्हा त्यांनी ते दुखणेही लपवले नाही. आजारी, वेदनेने पिळवटलेल्या देहांची चित्रे काढली. ती पाहावयास सोपी नाहीत. शेवटपर्यंत ब्रश हाती धरणाऱ्या या कलावंताचे ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यास निधन झाले.

खेतवाडीतील हे गाढव मात्र पुढे दूरच्या बाजारास पोचले. ते चित्र लंडनच्या टेट या संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले आणि २०१६ साली तेथील टेट मॉडर्नमध्ये भूपेन यांच्या जीवनकार्याचे मोठे प्रदर्शन भरले. प्रदर्शनास नावही त्याच चित्राचे दिले होते. हजारो लोकांनी ते पाहिले. पुष्कळांनी वाखाणले, एका प्रमुख वृत्तपत्राच्या समीक्षकाने मात्र ही चित्रे जुनाट व सामान्य आहेत, असा शेरा मारला. चित्रकार हयात असता, तर तो शेरा वाचून खळखळून हसला असता, यात शंका नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की दोन सज्ञान व्यक्तींचे परस्परांच्या संमतीने असलेले असे प्रेम हा गुन्हा नव्हे. भूपेन खख्खर यांच्या मृत्यूस तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती.